फोटो काढणारा कुठे उभा होता

चित्र १ : नाकारले.
कारण : चित्राच्या ४१ टक्के भागावर गुलाब आहे.

केतकी मगदूमनं ती ओळ दोनदा वाचली आणि कपाळाला हात लावला. गुलाब होताच. पिवळा, दवबिंदूंसकट. मोंतेलाराचा सातशे वर्षांचा घड्याळाचा मनोरा त्याच्या देठामागून जेमतेम डोकावत होता. वर आडवं लिहिलं होतं, ‘शुभ सकाळ. फुलासारखे हसत राहा.’ आणि खाली, ‘आपला, भूपाल मगदूम, इचलकरंजी.’

चित्र २ : नाकारले.
कारण : वेळेची मूळ नोंद नाही. हे चित्र किमान १९ वेळा पुढे पाठवलेले आहे.

चित्र ३ : नाकारले.
कारण : चित्रातले आकाश दुसऱ्या ठिकाणचे आहे.

“आकाशसुद्धा?” ती पडद्यावर ओरडली. “पप्पा, आकाशसुद्धा बदललंत?”

पप्पा उत्तर द्यायला नव्हते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. ते असते तर म्हणाले असते, खरं आकाश ढगाळ होतं गं, लोकांना काय पाठवायचं?

*

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते आधी सांगायला हवं.

२०१३ सालच्या मे महिन्यात इचलकरंजी, सांगली, कोल्हापूरची अडतीस माणसं एका बसमधून युरोप बघत फिरत होती. सोळा दिवस, नऊ देश, सोबत आपला आचारी. जेवण जैन रिवाजानं सूर्यास्ताआधी, पण तिथला सूर्यच नऊला मावळत होता, त्यामुळं स्वयंपाकाची घाई नाही, बायका खूश. त्यांत सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यातले मॅनेजर भूपाल मगदूम, त्यांची बायको मंजिरी, नऊ वर्षांची केतकी आणि पाच वर्षांचा निहार होते. दहाव्या दिवशी, इटलीतल्या मोंतेलारा गावच्या चौकात, ग्रुप फोटोच्या वेळी निहार हरवला. चाळीस मिनिटांनी मनोऱ्यामागच्या पायऱ्यांखाली सापडला. पडला होता. उजवं कोपर मोडलं होतं.

ते कोपर पुन्हा कधी पूर्ण सरळ झालं नाही. सतराव्या वर्षी निहार सैन्याच्या प्रबोधिनीची लेखी परीक्षा पास झाला आणि वैद्यकीय तपासणीत बाद झाला. आता तो सांगलीत सौरपंप विकतो.

आणि त्या दिवशी त्याचा हात कुणाच्या हातात होता? अक्काच्या. म्हणजे केतकीच्या.

दर मे महिन्यात पप्पा घरच्या ग्रुपवर युरोपचे फोटो टाकायचे. कोलोसियम, पिसाचा मनोरा, आयफेल टॉवर. मोंतेलाराचा फोटो आला की कुणीतरी लिहायचंच, “हाच तो चौक! इथंच अक्कानं हात सोडला!” मग हसणारे चेहरे, रांगेनं. पप्पांनंतर आईनं ती प्रथा चालू ठेवली. स्वतःचा फोन हातात आल्यापासून केतकीही त्या रांगेत एक हसरा चेहरा टाकत आली होती.

पंधरा दिवसांपूर्वी तिनं तो टाकायचं बंद केलं. सांगलीत आनंदमेळा लागला होता. निहारची सहा वर्षांची मुलगी इरा तिचा हात धरून दारापर्यंत आली होती.

“चल, मोठ्या पाळण्यात बसू,” केतकी म्हणाली.

“अक्का, तुम्ही नको हं,” निहारची बायको पल्लवी आतून हसत म्हणाली. “तुमचं रेकॉर्ड माहितीय आम्हाला. थांबा, हे येतील की.”

“रेकॉर्ड म्हणजे?” इरानं विचारलं.

निहारनं बाही वर केली आणि कोपर दाखवलं. “हे बघ, बाबाचा हात सरळ होत नाही ना? आत्यानं हात सोडला होता माझा. गर्दीत.”

तो हसतच सांगत होता. भेटायला आलेली आईही हसली. इरा मात्र हसली नाही. तिनं केतकीकडं पाहिलं आणि आपला हात काढून घेतला. मग दुसऱ्या हातासकट पाठीमागं नेला.

*

मोंतेलाराचा मनोरा दोन वर्षांपूर्वीच्या भूकंपात पडला. तो होता तसा पुन्हा बांधायचा तर मूळ नकाशे अपुरे होते. गावानं जगाला हाक दिली : तुमच्याकडं आमच्या चौकाचे जुने फोटो असतील, तर द्या.

त्यामागचं तंत्र समजायला अवघड नव्हतं. केतकी कोल्हापुरात कापडातले दोष पकडणाऱ्या कॅमेऱ्यांवर काम करायची. तिला तर ते लगेच पटलं. आपण फोटो काढतो तेव्हा आपल्याला हवं असतं त्याहून कितीतरी जास्त त्यात येतं. सावलीच्या लांबीवरून मिनिट कळतं. दुकानाच्या काचेत, स्कूटरच्या आरशात, कुणाच्या काळ्या चष्म्यात कॅमेऱ्याच्या मागची बाजू उमटलेली असते, दोन-चार ठिपक्यांएवढी. एका फोटोतल्या चार ठिपक्यांना काही अर्थ नसतो. पण त्याच दहा मिनिटांत त्याच चौकात तीनशे अनोळखी माणसांनी काढलेले फोटो एकत्र आणले, की ते ठिपके एकमेकांची साक्ष द्यायला लागतात. ताणा आणि बाणा. धाग्याला धागा मिळाला की कापड दिसतं : मनोरा, चौक, माणसं, त्यांचं चालणं. तो दिवसच.

आणि जिथं धागा नाही, तिथं हे यंत्र मनानं विणत नाही. त्याला अंदाज करायची बंदी होती, कारण त्याच्या मापावर गवंडी दगड बसवणार होते. जिथं माहिती नाही, तो भाग राखाडी. ज्यांची परवानगी नाही, त्यांचे चेहरेही राखाडी. मेलेल्यांची परवानगी वारसांनी द्यायची.

२०१३ च्या त्या दिवशी मोंतेलारात निशाणांचा उत्सव होता. ढोल, मिरवणूक, हजारो कॅमेरे. म्हणून यंत्रानं जे थोडे दिवस जवळजवळ पुरे विणले, त्यांत तो दिवस होता.

केतकीनं यादीत ती तारीख पाहिली आणि लगेच तो दिवस उघडला.

*

दुपारचे ४ वाजून १० मिनिटं. चौक.

ढोल वाजतायत; आवाज अर्थात नाही, फक्त टिपऱ्या वरखाली. मनोऱ्यापुढं माणसांच्या दोन रांगा. अडतीसमधली बहुतेक राखाडी डोक्यांची, पण बायकांच्या साड्यांवरचे स्वेटर आणि पायांतले स्पोर्ट्स शूज ओळखता येतात. पुढं फलक : ‘इचलकरंजी ते युरोप’. सगळे पाठमोरे, कारण ज्यांचे फोटो मिळाले ते परके लोक मागच्या बाजूला होते.

पिवळा फ्रॉक. दोन वेण्या. ती स्वतः.

तिच्या डाव्या हातात एक लहान हात. घट्ट.

४ वाजून ११ मिनिटं ३० सेकंद.

राखाडी.

राखाडी.

४ वाजून ११ मिनिटं ४१ सेकंद. ढोलवाले पुढं सरकलेत. पिवळ्या फ्रॉकचे दोन्ही हात अंगाला चिकटून सरळ खाली, शाळेच्या कवायतीत असतात तसे. शेजारी कुणी नाही.

केतकीनं ते मागंपुढं किती वेळा केलं, कोण जाणे. म्हणजे सोडलाच होता तर. जग फिरून, भूकंप होऊन, हजारो माणसांचे फोटो विणून यंत्रानं काय सांगितलं? जे पल्लवी फुकटात सांगत होती तेच.

पण हात असे सरळ कशाला? घाबरलेलं पोर हात असे ठेवतं?

खाली सूचना होती : ‘या अकरा सेकंदांत मिरवणुकीमुळे इतर सर्व कॅमेरे अडले होते. या दिशेने उघडा असलेला कॅमेरा एकच. त्याची मूळ चित्रे मिळाल्यास भाग पूर्ण होऊ शकेल.’ आणि बाणानं दाखवलं होतं. रांगांच्या समोर, एक गुडघा वाकवून, एक राखाडी माणूस.

फोटो काढणारा कधीच फोटोत नसतो. पप्पांच्या युरोपात पप्पा नव्हतेच. आता होते, फक्त त्यांना तोंड नव्हतं.

*

फोन, पहिला.

“आई, युरोपचं मूळ कार्ड कुठंय? कॅमेऱ्यातलं?”

“ग्रुपवर टाकलेत की सगळे.”

“त्यांच्यावर गुलाब आहेत.”

“मग? चांगले दिसतात की.”

“आई, मला मूळ पाहिजेत.”

“गेलं ते. घर रंगवताना गेलं. अगं, तू जेवलीस का?”

फोन, तिसरा.

“घर कधी रंगवलं, आई?”

“रंगवलं नव्हतं का? मग कशात गेलं असेल बाई.”

निहारला फोन. त्याच्याही चेहऱ्याची परवानगी लागत होती.

“दिली की,” निहार म्हणाला. “वाचलंही नाही, दाबलं. अक्का, तू या वयात हे काय धरून बसलीयस? चेष्टा असते गं ती.”

“तुझ्या मुलीला कळते का चेष्टा?”

“पोरं विसरतात.”

“मला विसरू दिलंत?”

“बरं, तू तापलीयस, नंतर बोलू. समोर गिऱ्हाईक आहे.”

पालथ्या घड्यावर पाणी. रविवारी सकाळी तिनं इचलकरंजीची बस पकडली.

*

आई शेंगा फोडत बसली होती. केतकीनं चप्पलही धड काढली नाही.

“आई, इरानं माझा हात सोडला.”

“आँ?”

“सांगलीत. तुझ्यासमोर. हात काढून पाठीमागं लपवला तिनं. तू हसत होतीस. मला ते अकरा सेकंद बघायचेत. मी सोडला असेल तर सोडला म्हणून मरेपर्यंत ऐकून घेईन. पण मला दिसू दे.”

आईनं चार शेंगा फोडल्या. पाचवी हातात तशीच राहिली.

“त्यात माणसं दिसतात म्हणे? चालताना-बिलताना?”

“दिसतात.”

“फोटो काढणारासुद्धा?”

“तू परवानगी दिलीस तर.”

आई उठली. शिलाई मशीनचा खण उघडला, बॉबिनच्या डबीतून नखाएवढं काळं कार्ड काढलं आणि पदरानं पुसलं. घर कधी रंगवलं, हे केतकीनं पुन्हा विचारलं नाही.

“मी तुला आधी सांगू का, काय दिसेल ते?” आईनं विचारलं.

“नको. तुम्ही सगळ्यांनी सांगून झालंय.”

मग आईनं फोनवर स्वतःसाठी एकदा आणि कै. भूपाल मगदूम यांची वारस म्हणून एकदा, असं दोनदा ‘मान्य’ दाबलं.

*

चित्रे ४ ते १२ : स्वीकारली.

पप्पांना बटणावरून बोट उचलायची सवय नव्हती. एका फोटोच्या जागी नऊ निघायचे. आणि ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी रोमच्या फुटपाथवर एकाच माणसाकडून एकसारखे काळे चष्मे घेतले होते, घासाघीस करून, डझनाच्या भावात. मोंतेलाराच्या चौकात त्या दिवशी एकोणीस जोड्या काळ्या काचा एकाच माणसाकडं बघत होत्या. तोंडं राखाडी राहिली, तरी काचा मोजणीला चालल्या. यंत्राला आणखी काय हवं होतं?

४ वाजून ११ मिनिटं ३१ सेकंद. पप्पा. काळे भरघोस केस. कॅमेरा डोळ्याला.

३२. कॅमेरा खाली. कपाळाला आठी.

३३. डावा हात वर. दोन बोटं, एकत्र. मग लांब. म्हणजे, वेगळे व्हा.

३४. दोन्ही हात अंगाला चिकटवून दाखवतात. सरळ. घरातल्या सगळ्या जुन्या फोटोंत सगळी पोरं अशीच उभी असतात, शिक्षा झाल्यासारखी.

३५. पिवळा फ्रॉक, आता समोरून. ती मान हलवते. नाही.

३६. हात तसाच. लहान बोटं तिच्या बोटांत.

३७. मागच्या रांगेतून एक हात खाली येतो. हिरव्या बांगड्या.

३८. तो हात तिची बोटं उघडतो. एक. दोन. तिसरं पुन्हा मिटतं.

३९. पुन्हा उघडतो. तो हात आता तिच्या खांद्यावर. दाबून. सरळ उभी राहा.

४०. सगळे हसतायत. निहार ढोलांकडं बघतोय. मग तो नाही.

४१.

*

“केस केवढे होते बघ,” आई म्हणाली. तिचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते. “त्या अख्ख्या टूरमध्ये त्यांचा एक फोटो नाही माझ्याकडं.”

“आई.”

“हं.”

“त्या बांगड्या तुझ्या.”

“हो.”

एवढंच. ‘हो.’ केतकीला वाटलं होतं की खरं दिसलं की आत काहीतरी सुटेल, मोकळं होईल. काही झालं नाही. उलट राग आता कुठं ठेवायचा तेच कळेना. मेलेल्या माणसावर? की या शेंगांच्या टरफलात बसलेल्या बाईवर?

“तुला पहिल्यापासून माहीत होतं.”

“तू नऊ वर्षांची होतीस. वाटलं, पोर आहे, विसरेल.”

“दर मे महिन्यात फोटो टाकत होता तुम्ही! कशी विसरेन?”

“फोटो ते टाकायचे.”

“आणि ही तीन वर्षं?”

केतकीनं कार्डावरचे पुढचे फोटो सरकवायला सुरुवात केली, रागानं, नुसतं बोटाला काहीतरी हवं म्हणून. फ्लॉरेन्स. पिसा, सगळे मनोऱ्याला हात लावून ढकलल्यासारखे उभे, निहार डाव्या हातानं, उजवा झोळीत. लुसर्नचा लाकडी पूल, निहार झोळीत. पॅरिस, निहार झोळीत, तोंड सुजलेलं, रडून थांबलेला.

तिचं बोट थांबलं.

“आई, हे किती दिवस?”

आईनं टरफलं गोळा करायला घेतली. एक-एक.

“आई, चार फोटोंत चार गावं आहेत. हात मोडल्यावर किती दिवस आपण फिरत होतो?”

“पाच,” आई म्हणाली. मग, “परतीचा धरून सहा.”

“डॉक्टर काय म्हणाला होता?”

“दोन दिवसांत ऑपरेशन करा म्हणाला. टूर लीडरनं मराठीत सांगितलं आम्हाला, नीट, दोनदा. तुझे पप्पा म्हणाले, इथं अडकलो तर टूर निघून जाईल, कोल्हापुरात आपले डॉक्टर आहेत. आणि मी…” तिनं टरफलांची मूठ तशीच धरली. “मी नको म्हणू शकले असते. त्यांनी विचारलं होतं मला. पण आयफेल टॉवर राहिला होता गं. मला बघायचा होता. लग्नाच्या आधीपासून.”

केतकीनं पॅरिसचा फोटो मोठा करून बघितला.

“हात सुटला त्याचं काय एवढं? पोर चाळीस मिनिटांत मिळालं. कोपर वाकडं राहिलं ते त्या सहा दिवसांनी. निहार तपासणीत नापास होऊन आला ना, त्या दिवशी तुझे पप्पा जेवेनात. मग म्हणाले, अक्कानं हात सोडला नसता तर. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी त्यांना पोळी वाढली.”

म्हणजे अकरा सेकंदांचा प्रश्नच नव्हता. पुरावा सत्तावीस वर्षं ग्रुपवर पडून होता, दर मे महिन्यात, गुलाब लावून. झोळीतला निहार आणि मागं आयफेल टॉवर. सगळ्यांनी बघितला होता. केतकीनंही. आणि प्रत्येक वेळी हसरा चेहरा टाकला होता.

*

“लिही,” केतकी म्हणाली.

“काय?”

“हे. ग्रुपवर.”

“मी निहारला एकट्याला सांगते. पल्लवीसमोर कशाला…”

“माझी चेष्टा एकटीसमोर होत होती का?”

“तूच लिही मग. मला ती बटणं दिसत नाहीत.”

“गुलाब टाकताना दिसतात.”

आईनं चष्मा लावला. एका बोटानं सुरुवात केली. केतकी समोर बसून राहिली आणि मदत केली नाही. तिच्या स्वतःच्या फोनवर ग्रुप उघडा होता. वर ‘आई लिहीत आहे’ असं येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं. पाच मिनिटं. दहा.

‘काय आई, निबंध का?’ निहारनं मध्येच विचारलं. पल्लवीनं हसरा चेहरा टाकला.

“हाताचं लिहिलं,” आई म्हणाली. “बास ना?”

केतकीनं फक्त तिच्याकडं बघितलं.

आई पुन्हा वाकली. शेवटी फोन पुढं केला. “वाच. काही राहिलंय का सांग.”

सात ओळी होत्या. बांगड्या होत्या. डॉक्टर होता. सहा दिवस होते. शेवटची ओळ होती : ‘अक्काचा काही संबंध नव्हता. मला आयफेल टॉवर बघायचा होता.’

“राहिलं नाही,” केतकी म्हणाली आणि फोन परत दिला.

आईनं डोळे मिटून बटण दाबलं, इंजेक्शन घेताना मिटतात तसे.

या वेळी ग्रुपवर एकही हसरा चेहरा नाही. मग फोन वाजला. निहार. आईनं नाव वाचलं आणि वाजता फोन केतकीसमोर धरला. घरातलं अवघड ते आजवर तिच्याकडंच यायचं.

“माझा नाही,” केतकी म्हणाली. “तुझा आहे.”

चार घंट्या झाल्या. पाचवीला आईनं फोन कानाला लावला.

पलीकडून निहार काय बोलला, ते केतकीला ऐकू आलं नाही. आई बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “हो. खरंय.” थोड्या वेळानं पुन्हा, “नाही रे, तिनं नाही लिहायला लावलं. म्हणजे, लावलं. पण खरं आहे.”